खिशातलं होल्स्टर रिव्हॉल्वरसोबतच बाहेर येतंय, काय करावं? (सोलापूर)

आसराचौक
नमस्कार मंडळी. लायसन आहे, जुनं आहे, त्यामुळे कायदा कुणी शिकवू नका. प्रॉब्लेम एवढाच आहे की खिशात ठेवायचं होल्स्टर, म्हणजे हत्याराचं कव्हर, ऑनलाइन मागवलं आणि ओढलं की ते हत्यारासकट बाहेर येतंय. हातात होल्स्टर घातलेलं रिव्हॉल्वर घेऊन उभं राहायचं का माणसानं? वरून खिशात आकार पण दिसतो, आमच्या पेट्रोल पंपावरची पोरं सुद्धा विचारायलेत मालक खिशात काय हाय म्हणून. घट्ट-सैल करायला स्क्रू वगैरे काही नाही त्याला. दुसरं घेऊ का हेच नीट होईल? सोलापुरात कोण बनवून देतं का? जरा लवकर सांगा, रोज संध्याकाळी कॅश असते सोबत.

मामा_फौजदार
खिशात हत्यार ठेवणे हीच चुकीची पद्धत आहे. कमरेला चामड्याचा पट्टा, उजव्या बाजूला होल्स्टर, वरून शर्ट सोडायचा. आम्ही नोकरीत आयुष्यभर असंच वागवलं, कधी अडचण आली नाही.

आसराचौक
मामा शर्ट इन करावा लागतो मला. आणि कमरेचं विचारलंच नाही.

निशाणी
कुठलं रिव्हॉल्वर आहे? होल्स्टर कातड्याचं की कापडाचं की प्लास्टिकचं? पँट कुठली? काहीच सांगितलं नाही, मग काय सांगणार.

आसराचौक
पॉइंट बत्तीस, कानपूरचं. साधी पँट.

निशाणी
अहो कानपूरचं म्हणजे साधं की निर्भीक? दोन्हीला नळी तीन इंचाची, टोकापासून मुठीपर्यंत १७७ मिमीच्या आसपास, पण निर्भीक टायटॅनियमचं आहे, ५०० ग्रॅम, साधं ७०० च्या घरात जातं. खिशात तो फरक चांगलाच जाणवतो. आणि "साधी पँट" म्हणजे खिसा सरळ तोंडाचा की तिरका?

आसराचौक
साधं. खिसा तिरका, रेडिमेड स्ट्रेचची पँट आहे. होल्स्टर काळं, बाहेरून गुळगुळीत, आतून मऊ कापडासारखं. त्याच खिशात गाडीची चावी असते, ते चालतं ना.

निशाणी
नाही चालत! खिशात फक्त होल्स्टर आणि त्यात हत्यार. चावी, सुटे पैसे, पेन, काहीही ट्रिगरपाशी गेलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. चावी आजच डावीकडं टाका, बाकी नंतर बोलू.

आता ओढताना बाहेर का येतं ते. होल्स्टरची आतली बाजू हत्याराला धरून ठेवते आणि बाहेरची बाजू खिशाच्या कापडाला. तुमचं आतून धरतंय आणि बाहेरून घसरतंय, बरोबर उलटं. स्क्रू असता तरी उपयोग नव्हता, आवळला की आतली पकड अजून वाढणार आणि ते अजूनच सोबत येणार. खिशाचं होल्स्टर बाहेरून खरबरीत लागतं, म्हणजे चामड्याची खडबडीत बाजू बाहेर किंवा रबराचं आवरण, आणि मागच्या कडेला एक आकडा, ओढताना हात किंचित मागं नेला की तो खिशाच्या काठाला अडकतो आणि होल्स्टर आत राहतं. तुमच्याला आकडा आहे का?

टॉवेलवाला
सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापून बाहेरून चिकटवा. फुकटात काम. मी तसंच केलंय, हलत नाही.

निशाणी
ट्यूब उन्हाळ्यात सुटते, सोलापूरच्या उन्हात कसला गम टिकतो. आणि घामानं डिंक वितळून हत्याराला लागला तर?

टॉवेलवाला
माझी नाही सुटली. तुम्ही न बघता कसं सांगता बे? कडेनं टाके पण घातलेत मी.

बाळीवेस
सगळ्यात आधी हे सांगा, लायसन कसं मिळतं? माझा टेक्स्टाईलचा धंदा आहे, मला पण पाहिजे.

मामा_फौजदार
शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. अर्ज ऑनलाइन, फॉर्म ए-१. जिवाला धोका आहे हे पटवून द्यावं लागतं, धंदा आहे म्हणून मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत तीनाची पाच वर्षं झाली आणि एका माणसाला दोनच हत्यारं. गड्ड्याच्या जत्रेत घेऊन फिरायचं नाही, परवान्याच्या अटीतच आहे, जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेज सगळं बंद. आसराचौक, तुम्ही पण ऐकून घ्या.

आसराचौक
कायदा नको म्हणालो होतो. आकडा नाहीये. कापडी आहे बहुतेक, ऑनलाइन फोटोत वेगळं दिसत होतं.

पूनम_ताई
बँकेत ही वस्तू खिशात घेऊन जाता का तुम्ही? दारावरच्या गार्डला माहितीये का? आमच्या इथं एकदा एकानं विचारलं तर गोंधळ झाला होता.

आसराचौक
मॅनेजर ओळखीचे आहेत ताई, आधी सांगून ठेवलंय.

शिवणयंत्र
मी टेलर आहे, हत्यारातलं काही कळत नाही पण खिशातलं कळतं. रेडिमेड पँटीच्या खिशाचं अस्तर पातळ पॉलिस्टरचं असतं, ७०० ग्रॅम टाकलं की ते लोंबणारच, आणि लोंबलं की वस्तू आडवी होते आणि आकार दिसतो. तुमचं होल्स्टर कितीही भारी आणलं तरी या खिशात बसणार नाही. सोलापुरात युनिफॉर्मचे एवढे कारखाने आहेत, जाड ड्रिलचं कापड कुठंही मिळेल. उजव्या खिशाचं अस्तर काढून ड्रिलचं दुहेरी टाकून घ्या, खोली तोंडापासून तळापर्यंत साडेनऊ इंच ठेवा, तोंड सात इंच आणि शक्यतो सरळ. तळाला आडवी शिलाई मारली की होल्स्टर उभंच राहतं. स्ट्रेच कापड पँटीलाच नको, मांडीला चिकटतं, त्यातून सगळं दिसतं.

निशाणी
हे बरोबर. तोंड सात इंच सांगताय ते महत्त्वाचं, कारण मुठीत धरलेलं हत्यार रिकाम्या हातापेक्षा जाड होतं आणि हात खिशात अडकतो. आसराचौक, रिकामं करून बघा, सिलिंडर उघडून काडतुसांची सहाही घरं नजरेनं आणि बोटानं तपासायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, मगच ओढून बघायचं.

आसराचौक
बघितलं. अडकतो. आणि मागचा हॅमर, म्हणजे घोडा, कापडात गुंततो.

निशाणी
हॅमरला टोक आहे ना वर, ते गुंतणारच. ओढताना अंगठा हॅमरवर ठेवून काढायचं म्हणजे टोक झाकलं जातं, सवय लागते. किंवा बनवून घेणार असाल तर चामड्याची मागची बाजू हॅमरच्या वरपर्यंत चढवून घ्या, मधे कापड येत नाही. समोरची माशी, म्हणजे नळीवरचं नेम धरायचं टोक, पण आत अडकते कधीकधी, त्यासाठी तोंडाशी थोडी मोकळी जागा. आणि ट्रिगरचा पूर्ण भाग झाकलाच पाहिजे, ही अट बाकी सगळ्याच्या आधी.

परत ठेवताना होल्स्टर खिशात असताना हत्यार आत ढकलू नका. होल्स्टर बाहेर काढा, हत्यार त्यात बसवा, मग दोन्ही मिळून खिशात.

चादरवाला_पंत
आता सगळे यूपीआयनं पैसे देतात, रोख रक्कम असतेच किती? आणि रोज एकाच वेळेला एकाच रस्त्यानं बँकेत जायचं नाही, दोन माणसं जायची. रिव्हॉल्वरनं काही होत नाही हो, चोर आधी मागून येतो.

आसराचौक
ट्रकवाले रोखच देतात पंत. दोन माणसं जातोच. होल्स्टरचं विचारलंय.

मामा_फौजदार
पंतांचं म्हणणं मात्र खरं आहे. आणि सहाच्या सहा घरं भरू नयेत, हॅमरखालचं एक रिकामं ठेवावं, जुन्या हत्याराला तरी.

टॉवेलवाला
मामा जुन्या काळातलं सांगायलेत. मी सहा भरतो.

मामा_फौजदार
भरा. मांडी तुमचीच आहे.

कुंभारवेस
चामड्याचं पाहिजे असेल तर चप्पल-बूट बनवणारा चांगला कारागीर पकडा, त्याला रिव्हॉल्वर देऊ नका, पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तसाच नमुना करून द्या. चामडं ओलं करून नमुन्यावर दाबून बसवतात आणि सावलीत वाळवतात, उन्हात ठेवलं की कडक होऊन चिरतं. समोरच्या बाजूला एक सपाट चामड्याचा तुकडा जास्तीचा लावून घ्या, बाहेरून सिलिंडरचा गोल फुगवटा दिसत नाही, पाकीट असल्यासारखं चौकोनी दिसतं. आणि रात्री होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामड्यात ओल राहते, मे महिन्यात तर घामानं दोन दिवसात तांबेरा धरतो.

अक्कलकोटरोड
भावाच्या लग्नात वरातीत हवेत एक काढायचा आहे, लायसनवाल्याला चालतं ना?

मामा_फौजदार
२०१९ पासून हवेतला बार हा वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरदेवाला घोड्यावरून उतरवून आत टाकू का?

आसराचौक
झालं काम. कॉटनच्या पँटीचा खिसा ड्रिलचा करून घेतला, आणि निशाणी, कुंभारवेस दोघांनी सांगितलं तसं खडबडीत बाजू बाहेर करून चामड्याचं करून घेतलं, आकड्यासकट. हात मागं नेऊन ओढलं की होल्स्टर खिशातच राहतं. आकार नाही दिसत, पोरांनी विचारणं बंद केलं. गाडीवर बसलं की मात्र गुडघा वर येतो आणि मूठ खिशाबाहेर डोकावते.

निशाणी
बसल्यावर खिशाचं होल्स्टर बिनकामाचं असतं, काढता पण येत नाही. २०१६ च्या नियमात हत्यार पूर्ण झाकलेलं पाहिजे असं आहे, त्यामुळे मूठ दिसलेली चालणार नाही. टू-व्हीलर सोडा, कार काढा, किंवा गाडीवर असताना जाकीट वापरा.

आसराचौक
मे महिन्यात जाकीट? सोलापुरात?

शिवणयंत्र
खादीची बंडी शिवून देतो, आतून ड्रिलचा खिसा लावून. किती घेर लागेल ते सांगा. पण होल्स्टर त्यात पण लागणारच, निशाणी दादा बरोबर ना?

निशाणी
लागणारच. आणि आठवड्यातून एकदा खिसा उलटा करून झटका, ड्रिलच्या कापडाचा कापूस नळीत आणि सिलिंडरमागं जाऊन बसतो.