शब्दचर्चा : काळे, पिंगट, तीळतांदूळ – केसांचा रंग कोण कसा सांगतं?

केसांचा रंग सांगताना बायका आणि पुरुष वेगवेगळे शब्द वापरतात, हे मला ठामपणे जाणवतं. पण ‘बायकांना रंग जास्त कळतात’ हे जे कारण सर्रास दिलं जातं, ते पटत नाही. मला सापडलेलं मांडते, तुम्ही भर घाला.

आधी क्रियापदं बघा. पुरुष ‘डाय करतो’ किंवा सरळ ‘केस काळे करतो’ म्हणतात. बायका ‘कलर करते’ म्हणतात. पुडी एकाच दुकानातली असते. ‘डाय’ म्हणजे पांढरं झाकायचं, ‘कलर’ म्हणजे छटा निवडायची. सलूनच्या खुर्चीत बसलेला पन्नाशीचा माणूस ‘काळा लाव’ एवढंच सांगतो. पार्लरमध्ये ‘रूट टच-अप (फक्त मुळांशी उगवलेले केस) करायचंय की ग्लोबल (सगळे केस)?’ इथून सुरुवात होते आणि बर्गंडी घ्यावा की कॉपर यावर बराच वेळ खल चालतो. मात्र विशीतली मुलं हल्ली पुढच्या बटांना हायलाइट्स करून घेतात, आणि तीही ‘कलर केला’ म्हणतात, ‘डाय’ म्हणत नाहीत. म्हणजे केसांचं काय करायचंय त्यावर शब्द ठरतो, बोलणारी बाई आहे की पुरुष हे नंतर.

पांढऱ्या केसांबाबत हा फरक फार ठळक आहे. ‘आमचे केस पिकले या धंद्यात’ हे पुरुषाचं वाक्य. त्यात वयाचा अधिकार आहे. ‘हे केस उन्हात पांढरे झाले नाहीत’ हेही बाईच्या तोंडून मी क्वचितच ऐकलंय. बायका पांढऱ्या केसांची जागा सांगतात : भांगात दिसायला लागलेत, कानशिलाजवळ आलेत, मागे अजून नाहीत. आरशापुढे उभं राहून, दोन बोटांनी बट बाजूला सारून रोज बघणाऱ्या माणसाची ही भाषा आहे.

अर्धे काळे-अर्धे पांढरे झाले की जुनी माणसं ‘तीळतांदूळ’ म्हणत, बाईला आणि पुरुषालाही. आता ‘सॉल्ट अँड पेपर’ ऐकू येतं आणि ते बहुतेकदा पुरुषाचं कौतुक असतं. बाईने रंगवणं सोडलं तर ‘ग्रे ठेवलेत’ म्हणतात, म्हणजे तिने काहीतरी ठरवून केलेलं असतं. २०२०च्या टाळेबंदीत पार्लरं बंद होती, तेव्हापासून हा प्रयोग माझ्या आसपास फार वाढला. मला तीळतांदूळ हाच शब्द जास्त अचूक वाटतो. केसात रंगद्रव्यं मुख्यतः दोनच : काळा-तपकिरी रंग देणारं युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळा देणारं फिओमेलॅनिन. करड्या रंगाचं वेगळं द्रव्य नाही. लांबून करडं दिसतं ती बहुतांशी पांढऱ्या आणि काळ्या केसांची सरमिसळ असते.

काळ्या रंगाला तर आपल्याकडे शब्दच शब्द. काळेभोर, काळेशार, काळेकुळकुळीत. ‘काळेकुट्ट’ मात्र केसांच्या कौतुकात येत नाही, तो ढगांना आणि अंधाराला. ‘काळेभोर’ दुसऱ्याच्या केसांना म्हणतात : आजी नातीच्या, कवी नायिकेच्या. स्वतःच्या केसांबद्दल बायका काय म्हणतात ते ऐका : ‘तसे ब्राउनकडे झुकणारे आहेत’, ‘उन्हात तांबूस दिसतात’, ‘मेंदीचा रंग अजून आहे टोकांना’. पुरुष हे म्हणत नाहीत. वर्तमानपत्रातली हरवलेल्या व्यक्तीची जाहिरात बघा. कातडीसाठी गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे चार शब्द हाताशी असतात. केसांपुढे ‘काळे’ लिहिलं की काम झालं.

‘भुरके’ हा शब्द मी फक्त बायकांकडून ऐकलाय. ‘केस किती भुरके झालेत, बस इथे, तेल लावते.’ इथे रंगाच्या आडून निगेबद्दल बोलणं चाललंय. आणि लहान मुलाचे केस विरळ आणि तांबडे व्हायला लागले तर अंगणवाडीसेविकेला ते आधी दिसतं, कारण प्रथिनांच्या तीव्र कमतरतेचं ते एक लक्षण आहे. तिला रंग कळतो तो तिच्या कामामुळे.

भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी १९७३ साली इंग्रजीबद्दल असंच निरीक्षण मांडलं होतं : बेज, लॅव्हेंडर, मोव्ह हे शब्द बायका सहज वापरतात, पुरुष वापरत नाहीत. महत्त्वाचे निर्णय पुरुषांकडे आणि रंगाला काय म्हणायचं असल्या किरकोळ गोष्टी बायकांकडे सोडलेल्या, असं त्यांचं म्हणणं. मला त्यातलं अर्धंच पटतं. ज्याच्या हाताखालून केस जातात त्याच्यापाशी शब्द साठतात, असं मी म्हणेन.

प्रतिसाद :

ताई, मी पार्लर चालवते. आम्ही आपसात नावं फार वापरत नाही, आकडे वापरतो. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिका. टिंबानंतरचा आकडा छटेचा : बऱ्याच कंपन्यांमध्ये १ राखी, ३ सोनेरी, ४ तांब्याचा. आपण ज्याला काळे केस म्हणतो ते उजेडात धरले तर पुष्कळदा २ किंवा ३ निघतात. हे आकडे पुरुष कारागीरही तितक्याच सफाईने बोलतात. आणि मेंदीबद्दल सांगते. मेंदीने काळा केस फिका होत नाही, काळ्यावर फक्त उन्हात लालसर झाक दिसते. पांढऱ्यावर मात्र केशरी चढते. म्हणून बायका ती लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवतात, कात, आवळा घालतात, रंग गडद व्हावा म्हणून. मग त्याला ‘कॉफी कलर’ म्हणतात. हा शब्द मी पुरुष गिऱ्हाइकाकडून कधीच ऐकला नाही.

प्रतिसाद :

‘पुरुषांकडे केसांच्या रंगाला शब्द नाहीत’ असं कुणी म्हणण्याआधी आमच्याकडं लातूरला या. इथली देवणी जातीची गुरं रंगावरूनच ओळखतात. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंड काळसर. शेवरा म्हणजे पांढऱ्यावर वेडेवाकडे काळे डाग. बालंक्या बहुतांशी पांढरा. शेजारी नांदेडकडं लाल कंधारी ही जात. खिलार जातीच्या बैलांत कोसा म्हणजे काळपट करडा. अंगावर पांढरे पट्टे असले की बांडा. घोड्यात अबलख (दोन रंगांचा, पांढऱ्यावर ठिगळं असलेला) वेगळा, पंचकल्याणी वेगळा. चारी पाय आणि तोंडावर पांढरं असेल तरच पंचकल्याणी. बाजाराच्या पावतीवर रंग आणि शिंगं लिहितात, चुकीचं लिहून चालत नाही. माझे वडील धुक्यात, लांबून येणाऱ्या बैलाचा रंग नेमका सांगायचे. आईच्या केसांचा रंग विचारला असता तर ‘काळा’ म्हणाले असते.

प्रतिसाद :

दादा, तुमच्या उत्तराने माझ्या मूळ लेखातला मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडला गेला. बैलाच्या अंगावरचे तेही केसच. ते रोज धुणारे, घासणारे हात पुरुषांचे, म्हणून ते शब्द पुरुषांचे. गोठ्यात राबणाऱ्या बायकांनाही ते माहीत असणार, पण बाजारात सौदा पुरुष करतात.

याला जोडून एक. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या संशोधकांनी १९६९ साली मूलभूत रंगनामांच्या, म्हणजे भाषेतले मुख्य रंगशब्द कोणते हे ठरवण्याच्या, कसोट्या ठरवल्या, त्यात ‘ब्लाँड’ (सोनेरी केसांसाठीचा इंग्रजी शब्द) याला जागा मिळाली नाही, कारण तो केसांसारख्या मोजक्याच गोष्टींना लागतो. त्या कसोटीवर आपले भुरके, तीळतांदूळ, कोसा, शेवरा सगळे बाद होतात. पण भाषेची खरी बारीक नजर मला अशाच शब्दांत दिसते, आणि कोशात ते नुसत्या ‘एक रंग’ एवढ्या अर्थावर संपू नयेत असं फार वाटतं. कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, हेही नोंदवलं पाहिजे.

तुम्हाला एक विचारायचंय : ‘कोसा’ किंवा ‘बांडा’ माणसाच्या केसांना लावलेला ऐकलाय का तुमच्याकडे? आणि ऐकला असेल तर म्हणणारं कोण होतं?