एनएफएलच्या प्रीसीझन मॅचेसवरून खेळाडू नक्की कसे जोखायचे?

डॅलसचा_नगरकर
मंडळी, टेक्सासला आल्यापासून ऑफिसातल्या पोरांच्या नादाने अमेरिकन फुटबॉल, म्हणजे इथली एनएफएल लीग, बघायला लागलो आणि आता सुटत नाही. पण ऑगस्टमधल्या या तीन प्रीसीझन, म्हणजे खऱ्या सीझनआधीच्या सरावाच्या, मॅचेस काही डोक्यात शिरत नाहीत. मेन क्वार्टरबॅक (पास फेकून अटॅक चालवणारा) टोपी घालून साइडलाइनला गप्पा मारतोय, आणि चौथ्या क्वार्टरला मैदानावर असे लोक की ज्यांची नावं कॉमेंटेटरला पण कागदात बघून सांगावी लागतात. टीमने यातून बघायचं तरी काय? स्टार्टर्सना, म्हणजे मेन खेळाडूंना, खेळवावं का? आणि एखाद्या पोराने दोन टचडाउन (बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेणं) मारले म्हणजे तो चांगला असं धरायचं का?

रात्रीचा_राघू
स्कोअर आधी विसर. 2008 ला डेट्रॉइट लायन्स प्रीसीझनच्या चारही मॅचेस जिंकले (तेव्हा चार असायच्या) आणि सीझनला 0-16, म्हणजे सोळाच्या सोळा हरले. 2017 ला ब्राउन्सने सेम टू सेम, चारपैकी चार आणि मग 0-16 😂 रेव्हन्स तर लागोपाठ 24 प्रीसीझन मॅचेस जिंकले, 2023 ला वॉशिंग्टनने एका पॉइंटने हरवलं तेव्हा कुठे थांबले, पण तेवढ्या वर्षांत सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, एक नाही.

जर्सीची_आत्या
टचडाउनचं मी सांगते. कोणासमोर मारला ते बघायचं. समोरचा कॉर्नर (पास घेणाऱ्याला अडवणारा) स्वतःच दोन आठवड्यांत घरी जाणार असेल तर त्याच्या डोक्यावरून 40 यार्डचा कॅच घेतला त्याचं काय एवढं कौतुक, त्यात डिफेन्सवाले मुद्दाम साधं खेळतात, ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं, फारसं नाही, खरे पत्ते सप्टेंबरशिवाय कोणी उघडत नाही. मी कोच असते तर पहिल्या मॅचला चमकलेल्या पोराला दुसऱ्या मॅचला पहिल्याच सिरीजला (अटॅकच्या पहिल्या पाळीला) उतरवला असता, समोर जमतील तेवढे खरे स्टार्टर्स असताना. तिथे टिकला तर बोलू. आणि क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा नवीन लेफ्ट टॅकल बघायचाय तर त्याच्या शेजारी धड गार्ड द्या ना, दोघेही कच्चे असले तर सॅक झाल्यावर (क्वार्टरबॅक बॉलसकट पाडला गेल्यावर) चूक कोणाची तेच कळत नाही, हे दरवर्षी बघते आणि दरवर्षी चिडते.
बाकी कधी कधी खरंच हिरा सापडतो. आमच्या जायंट्सचा व्हिक्टर क्रूझ, नवीन पोरं निवडतात त्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नव्हता, 2010 ला जेट्सविरुद्ध प्रीसीझनमध्ये 6 कॅच, 145 यार्ड, 3 टचडाउन. पुढच्याच सीझनला 1,536 यार्ड आणि सुपर बोल.

पंट_प्रेमी
आत्या, क्रूझ लाखात एक. रोजचं गणित वेगळंय. कॅम्पला 90 जण, त्यातले 53 ठेवायचे. पहिले 40-45 तर कोचला आधीच माहीत असतात, मारामारी शेवटच्या सात-आठ जागांची. आणि तिथे पाचवा रिसीव्हर (पास घेणारा) कॅचवर नाही, स्पेशल टीम्सवर, म्हणजे किकच्या वेळच्या खेळावर, राहतो. पुढच्या वेळी पंट झाला, म्हणजे लांब किक मारून बॉल समोरच्यांना दिला, की बॉल बघू नकोस, किक मारणाऱ्या टीमचा अगदी कडेला उभा असतो तो गनर बघ. दोघं जण त्याला धक्के मारत बाहेर काढतायत, तरी तो घुसून रिटर्नरला (बॉल घेऊन परत पळणाऱ्याला) जागच्या जागी पाडतोय, स्टँडमध्ये कोणी टाळी पण वाजवत नाही. त्या पोराची नोकरी पक्की समज. आणि एक गंमत, काही चांगली पोरं टीम मुद्दाम लपवून ठेवते.

डॅलसचा_नगरकर
लपवते म्हणजे?

पंट_प्रेमी
अरे नवीन पोराला 53 मधून काढला की तो आधी वेव्हर्सवर जातो, बाकीच्या 31 टीम्सपैकी कोणीही उचलू शकतं. कोणी नाही उचलला तरच तो परत तुझ्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे 53 बाहेरच्या राखीव पोरांत, येणार. मग ज्याला स्क्वॉडवर ठेवायचाय त्याला टीव्हीवर तीन तीन क्वार्टर नाचवून सगळ्यांना कशाला दाखवा? प्रॅक्टिसमध्ये बघितलाय, बास. पण 53 मध्ये घ्यायचं की नाही अशी खरंच शंका असेल तर मात्र खेळवावाच लागतो.

सिनसिनाटीकर_सदा
सगळं ठीक, पण स्टार्टर्सचं कोणी बोलेना. आमचे बेंगल्स सीझनच्या सुरुवातीला 2022 ला 0-2, 2023 ला 0-2, 2024 ला 0-3. त्या शेवटच्या वर्षी 9-8 होऊन प्लेऑफ हुकलं, म्हणजे सुरुवातीचे तीन पराभवच नडले. 2025 ला आमचा क्वार्टरबॅक बरो, त्याला प्रीसीझनमध्ये जास्त खेळवला आणि लगेच 2-0. थोडं तरी खेळवायलाच पाहिजे राव.

रात्रीचा_राघू
सदाभाऊ, 2022 ला बरोचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं आणि 2023 ला पोटरी दुखावलेली, ते पण धरा की. आणि रॅम्सचं काय? 2021 ला त्यांचा क्वार्टरबॅक स्टॅफर्ड प्रीसीझनमध्ये एक स्नॅप (एक चाल) खेळला नाही आणि सुपर बोल घेऊन गेला. उलट 2024 ला व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक मॅकार्थी, पहिल्याच प्रीसीझन मॅचला दोन टचडाउन पास, आणि गुडघा जाऊन अख्खा सीझन बाद. अर्थात तो रूकी, म्हणजे पहिल्याच वर्षाचा, होता, त्याला न खेळवून चाललंच नसतं. पण बरोला काय सिद्ध करायचंय? त्याच्यासाठी दुसऱ्या टीमबरोबरची जॉइंट प्रॅक्टिस बरी, समोर खरा डिफेन्स मिळतो आणि क्वार्टरबॅकला हात लावायचा नाही असा नियम.

सिनसिनाटीकर_सदा
जॉइंट प्रॅक्टिसला कोणी अंगावर येत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे. आमच्या लाइनची परीक्षा कधी घेणार मग, पहिल्या रविवारी? एक-दोन ड्राइव्ह (अटॅकच्या पाळ्या) खेळवा आणि काढा बाहेर, एवढंच म्हणतोय.