टायर बाहेरून आणला की फिटिंगचे तिप्पट पैसे, हे बरोबर आहे का?

चाकणवारी:
माझी पल्सर १५० आहे, मागचा टायर पार गोटा झालाय, रोज कोथरूड ते चाकण जाऊन येऊन सत्तरच्या वर किलोमीटर होतात. साइझ १००/९०-१७ ट्यूबलेस. घराजवळच्या दुकानात विचारलं तर टायर २,६०० आणि फिटिंग १२०. तोच टायर, तीच कंपनी, तेच मॉडेल, ऑनलाइन २,३१० ला मिळाला म्हणून मागवला आणि त्याच दुकानात घेऊन गेलो तर म्हणे बाहेरचा टायर असेल तर फिटिंगचे ३५०. चाक तेच, मशीन तेच, माणूस तोच, मग रेट दोन कसे? सगळं धरून माझे वाचले फक्त ६० रुपये आणि वर चार दिवस टायरची वाट बघितली ती वेगळीच. मला हे पटत नाही. मजुरी कामाची असते, टायर कुठून आणला त्याची नसते.

साताऱ्याचा_टायरवाला:
दादा, आमचं दुकान वडिलांपासून आहे म्हणून दुसरी बाजू सांगतो. आमच्याकडे टायर घेतला तर १२० मध्ये आमचं भागत नाहीच, ते टायरच्या मार्जिनमधून भागतं. पल्सरचं मागचं चाक काढायचं म्हणजे एक्सलचा नट, ब्रेक रॉड, चेन ॲडजस्टर सगळं ढिलं करायचं, जुन्या टायरचा बीड, म्हणजे आतली कडक कडा, रिमला चिकटून बसलेला असतो तो दाबून सोडवायचा, रिमचा गंज घासायचा, हवा भरायचा नवीन वॉल टाकायचा, टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे का बघायचं, परत चाक चढवून चेन एका रेषेत आणायची. पाऊण तास जातो. मशीनचा हप्ता आहे, पोराचा पगार आहे, वीस साइझचे टायर रॅकवर ठेवायचे तर लाखांत पैसे अडकतात. आणि बाहेरचा टायर दुसऱ्या दिवशी हवा सोडायला लागला की गिऱ्हाईक ऑनलाइनवाल्याकडे जात नाही, माझ्याच दारात येतं. ३५० हीच खरी मजुरी आहे, १२० ही आमची सूट आहे.

चाकणवारी:
भाऊ, सूट आहे तर तसं सांगा ना. बोर्डावर लिहा, फिटिंग ३५०, आमच्याकडून टायर घेतल्यास १२०. माणूस टायर खांद्यावर घेऊन आल्यावर रेट कळतो याचा राग येतो. बाकी तुमची मेहनत मला मान्य आहे.

ठाणे_डिलिव्हरी:
तुमचं भांडण ६० रुपयांचं आहे, माझं वेगळं आहे. मी दिवसाला शंभर किलोमीटर गाडी चालवतो, मागचा टायर सात महिने टिकला तर नशीब. म्हणजे वर्षाला जवळपास दोन टायर आणि ते सगळं माझ्या खिशातून, अडीच हजार एकदम काढायचे म्हणजे त्या महिन्यात घरी कमी पैसे जातात. म्हणून मी रबर चढवलेला रिमोल्ड टायर टाकतो आणि आमच्या नाक्यावरचा पंक्चरवाला टॉमीने, म्हणजे हातातल्या लोखंडी पट्टीने, ८० रुपयात बसवून देतो. आजपर्यंत काही झालं नाही.

नाशिकची_शुभा:
दादा, रागावू नका, पण आजपर्यंत काही झालं नाही हे मीही म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये कसारा घाटात साध्या वळणावर मागचं चाक सरकलं, स्पीड चाळीससुद्धा नसेल, मनगट मोडलं आणि दीड महिना घरी बसले. टायर अजून एक पावसाळा काढेल असं मीच म्हटलं होतं. खाचेमध्ये मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या लेव्हलला आली की टायर संपला. दुचाकीला कायद्याने किमान ०.८ मिमी खोली लागते आणि पावसात तर त्याच्या आधीच पकड जाते, कारण पाणी बाहेर जायला खाचच उरत नाही. दीड महिन्याचा बुडालेला पगार टायरच्या कितीतरी पट होता.

ठाणे_डिलिव्हरी:
ताई तुमचं बरोबर आहे, पण हे मला कळत नाही म्हणून मी रिमोल्ड टाकत नाही, परवडत नाही म्हणून टाकतो. आता सांगा काय करू.

अलॉयवाला_७२:
टॉमीने बसवण्याबद्दल बोलतो. स्पोकच्या चाकाला, ट्यूबच्या टायरला नीट हाताचा माणूस टॉमीने बसवतो, पिढ्यानपिढ्या बसवतोय, काही अडचण नाही. पण अलॉय आणि ट्यूबलेसला टॉमीचा ओरखडा रिमच्या कडेला गेला की तिथूनच हवा झिरपते. माझं तसंच झालं, दर तीन दिवसांनी हवा भरत होतो, शेवटी रिम घासून घेतली त्यात ८० रुपयांच्या फिटिंगची सगळी बचत गेली. ठाणेवाल्या दादा, रिमोल्डपेक्षा साध्या कंपनीचा नवीन टायर घ्या, थोडा कडक रबराचा, पकड जरा कमी पण किलोमीटर जास्त देतो. आणि हवा आठवड्याला बघा, कमी हवेवर टायर कडेने खातो.

कोल्हापुरी_हिशोब:
अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय. मूळ किंमत २,००० धरली तर आधी २,५६० पडायचे, आता २,३६०. तुमचा दुकानदार २,६०० सांगतोय तर बिल मागा आणि जीएसटी किती लावलाय ते बघा. ऑनलाइनवर माझा आक्षेप एकच, टायर किती जुना येईल ते हातात आल्याशिवाय कळत नाही. साइडला चार आकडे असतात, १५२३ म्हणजे २०२३ सालचा पंधरावा आठवडा. दुकानात हे बघूनच निवडता येतं.

चाकणवारी:
आत्ता खाली जाऊन बघितलं, माझ्या नवीन टायरवर आकडा दोन वर्षांपूर्वीचा आहे. हे मी बघायला हवं होतं. तरी फिटिंगच्या दोन रेटबद्दलचं मत बदललेलं नाही.

साताऱ्याचा_टायरवाला:
बोर्ड उद्या लावतो, तो मुद्दा घेतला. रेट मात्र दोनच राहतील. आणि ठाणेवाल्या दादा, तुमच्या भागातल्या टायरवाल्याला दोन हप्त्यात पैसे चालतील का विचारून बघा, आमच्याकडे डिलिव्हरीची चार पोरं तसंच घेतात, अर्धे आधी, अर्धे पुढच्या महिन्यात.