म्हाताऱ्या घोड्याची गोष्ट सांगितली, गाव आईच्या बाजूनं गेलं. आता पुढची कोणती सांगू?

धुऱ्यावरचा वाचक (दिग्रस तालुका)

राम राम मंडळी. गावात माझं कृषी केंद्र आहे. पेरणीचे दिवस सोडले तर दिवेलागणीनंतर बियाणं-खत कोणी मागत नाही, लोक बसायलाच येतात. बचत गटाची बैठक शेजारच्या ओट्यावर होते, ती आटोपली की बायाही थांबतात. मी मधून मधून एखादी गोष्ट सांगतो. पुस्तक इंग्रजी असलं तर आधी घरी वाचतो, मग आपल्या बोलीत सांगतो.

यावेळी अ‍ॅलिस्टर मॅक्लाउड घेतला. कॅनडाचा लेखक, केप ब्रेटन बेटावर वाढलेला. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जमीनदारांना मेंढ्या पाळायच्या होत्या, म्हणून कुळं हुसकावली. त्यातली बरीच माणसं जहाजानं या बेटावर येऊन पडली. त्यांच्या नातवा-पणतवांच्या या गोष्टी. तिथं दर्यात जायचं नाही तर कोळशाच्या खदानीत उतरायचं, वरून दगडगोट्यांच्या जमिनीत जमेल तेवढं पिकवायचं. कोरडवाहू कास्तकाराला हे समजावून सांगावं लागत नाही.

मी सांगितली ती 'इन द फॉल'. बाप पूर्वी खदानीत होता, तिथं स्कॉट नावाचा घोडा त्याच्या जोडीला. खदान सोडली तेव्हा घोडा विकत घेऊन घरी आणला. आता घोडा म्हातारा झाला, त्याला धाप लागते. हिवाळाभर बाप हॅलिफॅक्सच्या बंदरावर मजुरीला जाणार. चारा पुरणार नाही, आई म्हणते विकून टाका. घेणारा ट्रक घेऊन येतो, पण घोडा त्याच्यामागं पाऊल टाकत नाही. शेवटी बापालाच पुढं होऊन त्याला ट्रकात चढवावं लागतं. मग धाकटा पोरगा कुऱ्हाड उचलतो आणि आईनं विकायला वाढवलेले कोंबडे तोडून टाकतो.

मला वाटलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळणारी माणसं बापासाठी हळहळतील. झालं भलतंच. गटातली एक बाई म्हणाली, "चारापानी कोन करन? थो तं चालला बंदरावर. म्हातारं जनावर कोनाच्या भरोशावर? बाईच्याच ना!" दुसरीनं तर पोराचीच उलटतपासणी घेतली, "कोंबडे तिनं पोसले, तिचा पैसा गेला. त्या पोट्ट्याले कोनी काहून नाही बोललं?" पुरुष मंडळी चूप. एका म्हाताऱ्या सालदारानं तेवढं म्हटलं की विकणं जमते, पण धन्याच्या हातानं चढवणं बरोबर नाही.

मी अजूनही बापाच्याच बाजूचा आहे. त्याचा एकच सोबती होता, तोही गेला. तर मला दोन गोष्टी विचारायच्या. लेखक स्वतः कोणाच्या बाजूनं आहे, तुम्हाला काय वाटते? आणि पुढची कोणती सांगू? 'द बोट' मला फार आवडते, पण आमच्या ओट्यावर समुद्र पाहिलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. अरुणावती धरणावर जाळं टाकणारे आमचे भोई आहेत, तेवढाच काय तो आधार.

वणीकर

भाऊ, समुद्र राहू द्या. खदान सांगा.

माझे आजोबा वेकोलिच्या (सरकारी कोळसा कंपनी, वेस्टर्न कोलफील्ड्स) अंडरग्राऊंड खदानीत होते. आता आमच्याकडे बहुतेक ठिकाणी ओपनकास्टच, पण पाळीवरून आलेल्या माणसाच्या डोळ्याच्या कडेला धुतल्यावरही राहिलेली काळी रेघ मी पाहिली आहे. केप ब्रेटनच्या कित्येक खदानी तर थेट समुद्राखाली गेलेल्या. वर लाटा आणि खाली माणूस कोळसा फोडतोय. मॅक्लाउडनं शिकायला पैसा म्हणून स्वतः खदानीत आणि जंगलतोडीवर काम केलं, त्यामुळे त्याच्या खदानी ऐकीव वाटत नाहीत.

'द व्हास्टनेस ऑफ द डार्क' घ्या. पोरगा १८ वर्षांचा होतो त्याच दिवशी घर सोडतो. खदान बंद पडलेली, बाप पिणारा, आजा जुन्या आठवणीत. रस्त्यात एका फिरत्या विक्रेत्याच्या गाडीत बसतो आणि दोघे स्प्रिंगहिलला पोचतात. हे गाव खरं आहे, १९५६ आणि १९५८ अशा दोन मोठ्या खाण दुर्घटना तिथं झाल्या. तो विक्रेता तिथल्या विधवांकडे कोणत्या नजरेनं पाहतो ते पोराला कळते. एका दुर्घटनेच्या वेळी आपला बाप मदतीला याच गावात धावला होता हेही आठवते. पुढं सांगत नाही. ओट्यावर याची चर्चा रात्री अकरापर्यंत चालेल, लिहून घ्या.

पाटीपेन्सिल (अमरावती)

मी कॉलेजात शिकवते, तेव्हा थोडं लांबण लागेल, चालवून घ्या.

तुमच्या बचत गटानं नेमका हात घातला आहे. मॅक्लाउडच्या या गोष्टी सांगतो कोण? मुलगा. आणि बऱ्याचदा शिकून दूर निघून गेलेला मुलगा. 'द बोट'मधला सांगणारा आता विद्यापीठात प्राध्यापक आहे. त्याचा बाप मासेमारी करतो खरा, पण त्याचा जीव पुस्तकांत. खोलीभर पुस्तकं, सिगारेटचा धूर, रेडिओ. आईला ते वाचन म्हणजे वेळेची नासाडी वाटते. पोरी एकेक करून पुस्तकं वाचू लागतात, मग पर्यटकांच्या हॉटेलात काम धरतात, मग परगावच्या पोरांशी लग्नं करून जातात. आईला वाटते, पुस्तकांनीच माझ्या पोरी नेल्या. आपण वाचणारी माणसं, साहजिकच बापाकडे झुकतो. पण त्या घरात टिकून राहिलं कोण? सगळे गेल्यावर किनाऱ्यावर एकटी उरते ती आईच. होडीचं नावही तिच्या माहेरच्या नावावरून ठेवलेलं आहे.

म्हणून लेखक बापाच्या बाजूचा असं मी म्हणणार नाही. सांगणारा बापाच्या बाजूचा असतो, आणि लेखक त्याच्या सांगण्यातून आईचा हिशोब दिसू देतो. तुमच्या घोड्याच्या गोष्टीतही कोंबड्यांवर कुऱ्हाड पडल्यावर शेवटी एकमेकांना धरून उभे राहतात ते आई-बाप दोघंच. तो शेवट तुम्ही सांगितला का? लिहिण्यात तरी गाळलात.

समुद्राची काळजी नको. लाटांचं वर्णन सोडा आणि बापाच्या मनगटापासून सुरुवात करा. खाऱ्या पाण्यानं, ओल्या कपड्याच्या घासण्यानं कातडी सोलते म्हणून तो मनगटात पितळी साखळ्या घालतो. त्याचं शरीर या कामासाठी घडलेलंच नाही, तरी तो आयुष्यभर होडीवर जातो. आपल्याकडे इंजिनिअर व्हायचं होतं आणि बाप गेला म्हणून वखर धरला, अशी माणसं प्रत्येक गावात आहेत.

त्यानं फार लिहिलंही नाही. १९७६ आणि १९८६ असे दोन कथासंग्रह, १९९९ ची एक कादंबरी. तोवरच्या सगळ्या १६ कथा २००० साली 'आयलंड' या एकाच पुस्तकात आल्या, तेवढं घेतलं की पुरे.

बंडीवाला

सर्वांनी आई-बापाचं बोललं, जनावराचं राहिलं. २०१५ ला लागू झालेल्या कायद्यानं आपल्याकडे बैलही कापायला बंदी. म्हणजे त्या बाईसारखं "विकून टाका" म्हणायची सोयच राहिली नाही, म्हातारा बैल बाजारात घेते कोण? मग खुंट्यावर पोसा नाही तर मोकळा सोडा, अन् तो शेजाऱ्याच्या तुरीत. माझ्याकडे एक आहे, मी पोसतो. चारा बायको टाकते हेही खरं. तिला ही गोष्ट सांगणार नाही.

धुऱ्यावरचा वाचक (दिग्रस तालुका)

बंडीवाले, वहिनींना सांगाच, आमच्याकडे बाया जास्त आल्या तर गोष्टीत रंगत येते.

मॅडम, शेवट सांगितला होता, इथं लिहिला नाही. त्यावर बाया काय म्हणाल्या तेही लिहिलं नव्हतं: "मंग त्या पोट्ट्याचंच राह्यलं." सांगणारा आणि लेखक वेगळे, हे मला पटलं. आईचं अजून पूर्ण पटलं नाही. घोडा बापाचा होता, निदान एक हिवाळा तरी थांबायला पाहिजे होतं. यावर भांडायला मी तयार आहे.

सध्या सीतादही (कापूस वेचण्याआधीची वावरातली पूजा) होऊन वेचणी लागली आहे, बाया दिवसभर वावरात, थकून येतात. आता खदानीची घेतो, 'द बोट' संक्रांतीनंतर. वणीकर, तुम्हीच येऊन सांगता का? एसटी दिग्रसपर्यंत येते, पुढं मी गाडी घेऊन येतो. जेवण आमच्याकडे. फक्त गटातल्या बायांची एक अट आहे, खदानीच्या गोष्टीत आई असेल तर ती काय म्हणते ते गाळायचं नाही.

वणीकर

येतो. रविवार ठेवा, शनिवारी माझी दुसरी पाळी असते.