मदत हवी आहे: सिलिका तेलाच्या थेंबावर बसत नाही, पाण्यातच जमते

रबाळे एमआयडीसीतल्या छोट्या लॅबमध्ये लव्हेंडर तेल सिलिकाच्या कवचात बंद करायचा खटाटोप चाललाय. 4 भाग तेलात 1 भाग टीईओएस (पाण्याशी अभिक्रिया होऊन सिलिका देणारं द्रव) मिसळतो, सीटॅब (साबणासारखं, थेंब वेगळे ठेवणारं रसायन) घातलेल्या पाण्यात त्याचं इमल्शन (बारीक थेंबांचं मिश्रण) करतो आणि अमोनियाने पीएच 9 वर नेऊन 30 अंशांवर रात्रभर ढवळत ठेवतो.

सकाळी मायक्रोस्कोपखाली सगळं गोल, छान दिसतं. पण काचपट्टी सुकायला लागली की एकेक कॅप्सूल चेपते आणि तेलाचा तवंग पसरतो. शिवाय खालचं पाणी दुधाळ, गाळलं तरी दुधाळच.

सीटॅब धनभारित, टीईओएसपासून बनणारं सिलिकेट ऋणभारित, म्हणून ते थेंबाच्या पृष्ठभागाकडे ओढलं जातं इथवर ठीक. पण जादा सीटॅबचे मायसेल (रेणूंचे सूक्ष्म पुंजके) पाण्यातही सिलिकेटला तसंच ओढत असणार, असा माझा संशय आहे. सीटॅब 1 टक्क्यावरून 0.3 वर आणलं तर पाणी जरा निवळलं, पण थेंब एकमेकांत मिसळून मोठे झाले. ढवळण्याचा वेग वाढवून काडीचा फरक नाही. (अमोनियाचा वास मात्र आता डब्यातल्या पोळीलाही येतो.)

होमोजिनायझर (थेंब खूप बारीक करणारं यंत्र) नाही, साधा ओव्हरहेड स्टरर आहे. एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची तपासणी) बाहेरून करावं लागतं, म्हणून ते शेवटी एकदाच. सुगंध उडतो म्हणून 40 अंशांवर जाता येत नाही. टीईओएसची बाटली नवी आहे.

टीईओएस आधी पीएच 3-4 ला हायड्रोलाइज करून (पाण्याशी अभिक्रिया घडवून), इमल्शनमध्ये घालून मग पीएच हळूहळू वाढवला तर कवच जाड होईल का? की ते तेलातच ठेवून पीएच 7 च्या आसपास दोन-तीन दिवस चालू द्यावं? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय, त्यांनी सांगा: आधी काय बदलू?