मदत हवी आहे: ड्राफ्टमधला खेळाडू जोखायचा कसा?

मंडळी, मी चिपळूणचा. संध्याकाळी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो. पाऊस लागला की आमच्या उघड्यावरच्या सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरतं, सराव बंद. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्टही (संघ एकेक करून नवे खेळाडू निवडतात तो) जूनच्या अखेरीलाच असतो. म्हणून मुलांना काम दिलंय: अमेरिकेतल्या कॉलेज संघांतले तिघे, कॅन्ससचा डॅरिन पीटरसन, बीवाययूचा एजे डिबॅन्ट्सा आणि ड्यूकचा कॅमरन बूझर यांचे सामने बघा आणि 2026 च्या ड्राफ्टसाठी तुमचा क्रम लावा, कारणं देऊन.

आता अडलंय ते असं. मुलं थेट गुणांची सरासरी काढतात आणि मोकळी होतात. पण तिघांचे संघ वेगळे, सोबती वेगळे, प्रत्येकाच्या हातात चेंडू किती वेळ राहतो तेही वेगळं. हे आकडे एका तराजूत घालायचे कसे?

शिवाय मापं. शिकागोच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) उंची, हातांचा पसारा, उडी सगळं मोजतात. तरी 2013 साली पहिला नंबर अँथनी बेनेटचा लागला, जो पुढे चमकलाच नाही, आणि नंतर मोठा स्टार झालेला यानिस 15 वा गेला. पुढच्याच वर्षी तसाच स्टार झालेला योकिच 41 वा! आपला सतनाम सिंग 2015 मध्ये 52 वा निवडला गेला, सात फुटांहून उंच, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. एका मुलीने विचारलं, "सर, एवढी उंची होती, मग का नाही?" तिला नीट उत्तर द्यायचंय मला.

चौदा वर्षांच्या मुलांना पडद्यावर दिसतील अशा तीन-चार गोष्टी सांगा.

प्रतिसाद (कुडाळ):
दादा, गुण सर्वांत शेवटी बघायला सांगा. आधी फ्री थ्रोची टक्केवारी. तिथे अडवायला कोणी नसतं, हात कसा आहे ते कळतं. कॉलेजच्या एका मोसमात थ्री-पॉइंटर (रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे फटके) इतके थोडे मारले जातात की ती टक्केवारी फसवते. त्यात एनबीएची ही रेषा रिंगच्या थेट समोर 23 फूट 9 इंचांवर, कॉलेजची 22 फुटांच्या जरा पुढे.

मग चेंडू विसरून पाच मिनिटं फक्त त्या खेळाडूचे पाय बघा. चपळ गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारा खेळाडू) समोर आला की तो टिकतो का? तुमच्या विद्यार्थिनीचं उत्तर मला इथेच दिसतं. आता उंच माणसालाही रिंग सोडून लांबवर येऊन बचाव करावा लागतो, नुसती उंची पुरत नाही.

वयही बघतात, पण हे तिघेही पहिल्या वर्षाचे, त्यामुळे इथे फार फरक पडायचा नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार! पायांचं लगेच सुरू करतो. बूझर बाहेर येऊन गार्डला अडवतोय अशा छोट्या क्लिप्स कुणाकडे आहेत का? मुलं मोबाइलच्या डेटावर बघतात, पूर्ण सामना परवडत नाही.