अनुभव धागा : डिस्क भरलीय, पण टाकून देण्यासारखं काही नाही

वाडा पुनर्विकासाला गेला तेव्हा घरातली खरेदीखतं, पावत्या, आजोबांची पत्रं असं सगळं स्कॅन करून घेतलं. फोल्डर एवढा मोठा झाला की लॅपटॉपवर जागा उरेना. अख्खा फोल्डर झिप केला, तर आकार जेमतेम हलला. असं का, याचा शोध घेताना बरंच समजलं, आणि तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

झिप किंवा सेव्हन-झिपसारखं फाईल दाबणारं, म्हणजे तिचा आकार कमी करणारं, साधन तिच्यात पुन्हा पुन्हा येणारे तुकडे शोधतं. तोच तुकडा परत आला की तो लिहायच्या ऐवजी 'इतकं मागे जा, तिथून एवढं उचल' अशी छोटी खूण ठेवतं. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी हे तंत्र १९७७ साली मांडलं, फिल कॅट्झ यांनी १९८९मध्ये झिप आणलं. उघडल्यावर मूळ फाईल जशीच्या तशी परत मिळते. पण जेपीईजी फोटो, एमपीथ्री गाणी, एमपीफोर व्हिडिओ हे आधीच दाबलेले असतात. पिळून वाळत घातलेलं धोतर पुन्हा पिळून पाणी किती निघणार? माझ्या पीडीएफ म्हणजे आतून जेपीईजी चित्रंच होती.

मग पावत्या आणि टंकलिखित कागद ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० बिंदू), करड्या छटांत पुन्हा स्कॅन केले. आधीच्या ६०० डीपीआयच्या मानाने बिंदू एक चतुर्थांश, शिवाय रंगाचा भार नाही. वाचायला काही अडत नाही. आजोबांची पत्रं मात्र रंगीत आणि मोठीच ठेवलीत. फिकट झालेली शाई आणि पोस्टाचे शिक्के त्याशिवाय ओळखू येत नाहीत, आणि तिथे जागेचा हिशेब मला करायचाच नाही.

तुम्ही काय दाबलं, कशाने दाबलं, काय मुद्दाम तसंच ठेवलं, ते सविस्तर लिहा.

अक्षरजुळणी करणारा, अप्पा बळवंत चौक

आमचा माल म्हणजे मजकूर, आणि मराठी मजकूर झिपमध्ये फार छान बसतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत (संगणकावर अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'पुस्तक' या शब्दात उकार आणि हलन्त वेगळे मोजून सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. पण त्या तिनातला पहिला बाइट कायम तोच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. एवढी पुनरावृत्ती असल्यावर साधी टेक्स्ट फाईल झिप केली की चांगलीच आटते. वर्डची डॉक्स फाईल मात्र मुळातच आतून झिप असते, तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

फाईलींची नावं मराठीत ठेवत असाल तर एक सांगतो. विंडोज ७मधलं अंगचं झिप अशा फाईली घ्यायलाच नकार द्यायचं, आणि जुन्या साधनांत उघडलं की नावाच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. जुन्या संगणकांवर काम करणाऱ्या लेखकांना पाठवायचं तर मी सेव्हन-झिप वापरतो.

लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करणारी, कर्वेनगर

धागाकर्त्या ताई, आमच्याकडे सगळं आधीच पिळलेलं असतं, त्यामुळे झिपचा उपयोग एवढाच की शंभर फोटोंची एकच फाईल होते. खरी जागा व्हिडिओत वाचते. हँडब्रेक हे मोफत साधन घेऊन जुन्या एच.२६४ व्हिडिओचं एच.२६५ केलं (या व्हिडिओ दाबायच्या पद्धती, दुसरी नवी) तर साधारण तेवढ्याच दर्जाला निम्म्याच्या आसपास जागा लागते. लॅपटॉप रात्रभर चालवावा लागतो. ही दाबणी झिपसारखी नसते, गेलेला तपशील परत येत नाही, म्हणून अंतिम फिल्म मी अशी कधीच दाबत नाही. न निवडलेलं चित्रण तेवढं दाबते.

घरच्यांना एक विनंती : फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवलात तर ॲप त्याचा आकार आणि दर्जा दोन्ही उतरवतं, आणि मग त्यातून मोठी फ्रेम करून द्या म्हणून लोक येतात.

गाणं शिकणारी, सिंहगड रस्ता

गुरुजींच्या तालमींची ध्वनिमुद्रणं माझ्याकडे वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या, फाईलींत होती. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे १० एमबी घेतं, म्हणजे तासाभराच्या तालमीला ६०० एमबी. एमपीथ्री केलं तर खूपच आटतं, पण कानाला जाणवणार नाही असं मानून त्यातला काही आवाज कायमचा टाकला जातो. जोडीच्या तानपुऱ्यांत स्वयंभू गंधार (तारांतून आपोआप उमटणारा सूक्ष्म स्वर) ऐकायला शिकवलेल्या माणसाला हे 'जाणवणार नाही' कसं पटावं?

उत्तर मिळालं फ्लॅकमध्ये. ध्वनीसाठीच बनवलेली दाबणी, २००१पासून उपलब्ध, मोफत. जागा बहुधा निम्म्याच्या आसपास येते आणि उघडल्यावर मूळ ध्वनी तंतोतंत परत. शिवाय प्रत्येक फाईलमध्ये मूळ आवाजाची तपासखूण असते, ती ताडून फाईल शाबूत आहे का हे बघता येतं. फोनवर रियाजासाठी एमपीथ्री आहेच. पण गुरुजींचा आवाज फ्लॅकमध्येच राहील.

सॉफ्टवेअरवाला, हिंजवडी

लॉग फाईली (प्रणाली आपल्या कामाची नोंद ठेवते त्या) जीझिप या साधनाने दाबा, बहुतेक वेळा दहाव्या हिश्श्यावर येतात. झेडग्रेप या आज्ञेने न उघडता आत शोधता येतं. आता आम्ही झेडस्टँडर्ड हे दाबणीचं दुसरं साधन वापरतो, ते बरंच वेगवान आहे.

रेडिओ खगोलशास्त्राचा विद्यार्थी, विद्यापीठ परिसर

माझा अनुभव अगदी उलटा. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांमधून येणारा डेटा बहुतांशी गोंगाट असतो. खरा संकेत त्याच्या तळाशी. गोंगाटात पुनरावृत्तीच नाही, मग जीझिपच्या हाती काय लागणार? आधी मानवनिर्मित व्यत्यय काढतो आणि मग वेळ व वारंवारता यांवर सरासरी घेतो. तेव्हा कुठे आकार खाली येतो. सरासरी घेतल्यावर मागे फिरता येत नाही, म्हणून मूळ डेटा दुसरीकडे आहे याची खात्री करून मगच ही पायरी.

हिशेबनीस, नारायण पेठ

आम्ही सरलेल्या वर्षांचे हिशेब दाबून ठेवतो. दर पक्षकाराची, दर वर्षाची वेगळी फाईल. सगळ्यांची मिळून एकच केली तर सेव्हन-झिप सारख्या फाईली सलग जोडून आणखी आवळतं हे खरं, पण मध्येच एखादा भाग बिघडला तर त्यामागच्या फाईलीही हातच्या जातात. लोकांचे हिशेब आहेत, तेवढी जागा गेली तरी चालेल. परवलीचा शब्द टाकताना एईएस-२५६ ही कुलूपबंदीची पद्धत निवडा, झिपचं जुनं कुलूप कच्चं आहे. आणि पेनड्राईव्हवर जागा असून मोठी फाईल जात नसेल तर तो फॅट३२ या जुन्या फाईल-रचनेचा असणार. त्यावर ४ जीबीची एक फाईल बसत नाही, तुकडे पाडून घ्या.

धागाकर्ती

काका, दाबून झाल्यावर मूळ फोल्डर कधी काढता?

हिशेबनीस, नारायण पेठ

ताई, सेव्हन-झिपमध्ये 'टेस्ट'चं बटण आहे, ते आधी दाबायचं. मग ती फाईल दुसऱ्या संगणकावर नेऊन पूर्ण उघडायची, दोनचार खाती बघायची. दुसऱ्या हार्डडिस्कवर प्रत गेली की मूळ फोल्डर काढायचा. उघडताना मूळ आकाराएवढी जागा मोकळी लागते, ती आधी बघून ठेवा.